डॉटनेटची ओळख: अनेक भाषा, अनेक ऑपरेटिंग सिस्टिम, एक पाया

या पाठात आपण डॉटनेट या सॉफ्टवेअर फ्रेमवर्कची ओळख करून घेणार आहोत. कोणत्याही एका भाषेत व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन वापरून छोटा प्रोग्राम लिहिता येत असेल, तर तेवढी तयारी पुरेशी आहे. सी-शार्प आधी शिकलेले नसले तरी चालेल. वाचताना संगणक शेजारी असला तर उत्तम. त्यावर विंडोज असो, उबंटू असो किंवा मॅकओएस, पाठातले बहुतेक सगळे तिन्हींवर तसेच करून पाहता येते. ते कसे शक्य होते आणि कुठे शक्य होत नाही, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

अडचण नेमकी कोणती होती?

समजा, तुम्ही सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला आणि घरच्या विंडोज संगणकावर कंपाइल केला. ईएक्सई फाइल तयार झाली आणि चाललीही. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून कॉलेजच्या लॅबमधल्या उबंटूच्या संगणकावर नेली, तर ती चालत नाही. दोन्ही संगणकांत प्रोसेसर अगदी एकाच जातीचा असला तरी चालत नाही.

याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे फाइलची आतली मांडणी. विंडोज ज्या मांडणीची फाइल ओळखते तिला पीई म्हणतात, तर लिनक्स ईएलएफ नावाची मांडणी ओळखते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. स्क्रीनवर अक्षरे दाखवणे, फाइल उघडणे, मेमरी मिळवणे ही कामे प्रोग्राम स्वतः करत नाही, तो ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो. हे काम सांगण्याची पद्धत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी असते. त्यातून प्रोसेसरही बदलला, म्हणजे इंटेलच्या जागी मोबाइलमध्ये, रास्पबेरी पायमध्ये किंवा नव्या मॅकमध्ये असतो तसा एआरएम प्रोसेसर आला, तर प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञाच बदलतात. मग सोर्स कोड नेऊन तिथे पुन्हा कंपाइल करणे हाच मार्ग उरतो. सी भाषेसाठी तो वर्षानुवर्षे वापरला जातो आहे आणि तो चुकीचा नाही. पण मग प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी फाइल तयार करणे, तपासणे आणि पोहोचवणे आले.

दुसरी अडचण भाषांची होती, आणि ती आजच्या विद्यार्थ्याला सहसा माहीत नसते. १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये इंटिजर हा प्रकार १६ बिटांचा होता. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच संख्या मावे. त्याच काळातल्या विंडोजवरच्या सी भाषेत इंट ३२ बिटांचा होता. सी मध्ये लिहिलेले फंक्शन व्हिज्युअल बेसिकमधून बोलवायचे असेल, तर सी मधल्या इंटसाठी इकडे इंटिजर नव्हे, तर लाँग लिहावे लागे. कोणी भोळेपणाने इंटिजर लिहिले की उत्तर चुके, किंवा प्रोग्रामच बंद पडे. अक्षरमालांची गतही तशीच होती. सी भाषा स्ट्रिंगचा शेवट शून्य किमतीच्या बाइटने ओळखते, तर व्हिज्युअल बेसिक स्ट्रिंगची लांबी तिच्या आधी लिहून ठेवे. म्हणजे दोन भाषा एकाच संगणकावर नांदत होत्या, पण एकमेकींशी बोलताना त्यांना दरवेळी दुभाषा लागे.

डॉटनेट समजून घेताना या दोन अडचणी मनात वेगवेगळ्या ठेवा. एक आहे अनेक प्लॅटफॉर्मची, दुसरी अनेक भाषांची. डॉटनेटने दुसरी अडचण पहिल्या दिवसापासून सोडवायला घेतली. पहिली सुटायला मात्र तिथे बरीच वर्षे लागली.

मधली भाषा

सोर्स कोडचे रूपांतर थेट प्रोसेसरच्या आज्ञांत करण्याऐवजी एका मधल्या, काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत करायचे, आणि ते काल्पनिक यंत्र प्रत्येक खऱ्या संगणकावर एका प्रोग्रामच्या रूपाने बसवायचे, ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात पास्कल भाषेसाठी ती वापरली गेली. १९९५ मध्ये जावाने ती घरोघरी पोहोचवली. मायक्रोसॉफ्टने डॉटनेटची घोषणा २००० मध्ये केली आणि पहिली आवृत्ती २००२ च्या फेब्रुवारीत आली. जावाची सुरुवात एका भाषेसाठी झाली; त्याच यंत्रावर कॉटलिन, स्काला या भाषा नंतर आल्या. डॉटनेटचे काल्पनिक यंत्र मात्र सुरुवातीपासूनच अनेक भाषा डोळ्यांसमोर ठेवून आखले होते.

आज डॉटनेटसोबत तीन भाषा मिळतात. सी-शार्प ही सर्वांत जास्त वापरली जाणारी. अँडर्स हाइल्सबर्ग यांनी तिच्या आखणीचे नेतृत्व केले. टर्बो पास्कल आणि डेल्फी यांच्यामागेही तेच होते. दुसरी व्हिज्युअल बेसिक. तिसरी एफ-शार्प, जी फंक्शनल पद्धतीची आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात डॉन साइम यांच्या पुढाकाराने तयार झाली. नवशिक्यांनी सी-शार्पपासून सुरुवात करावी, असे मी सांगेन. व्हिज्युअल बेसिकमध्ये यापुढे नवी वैशिष्ट्ये घालण्याचा विचार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच जाहीर केले आहे. ती चालू राहील, पण नवे शिकायला ती निवडण्याचे कारण उरलेले नाही.

या प्रत्येक भाषेचा कंपाइलर वेगळा आहे, पण सगळे कंपाइलर एकाच मधल्या भाषेत उत्तर देतात. तिचे नाव कॉमन इंटरमिजिएट लँग्वेज, थोडक्यात आयएल. दोन पूर्णांकांची बेरीज करून परत देणारे छोटे फंक्शन सी-शार्पमध्ये लिहिले, तर आयएलमध्ये त्याच्या जेमतेम चार आज्ञा होतात. पहिली किंमत ढिगावर ठेव. दुसरी किंमत ढिगावर ठेव. वरच्या दोन किमती उचलून त्यांची बेरीज ढिगावर ठेव. परत जा. डेटा स्ट्रक्चरच्या विषयात तुम्ही शिकलेला स्टॅक तो हाच. इथे इंटेलचे रजिस्टर नाही, एआरएमचेही नाही, विंडोजचा किंवा लिनक्सचा उल्लेखही नाही. म्हणूनच या आज्ञा कुठेही नेता येतात.

आता मौज पाहा. तेच फंक्शन व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिले तर तिसरी आज्ञा थोडी बदलते. तिथे 'बेरीज कर' ऐवजी 'बेरीज कर आणि ती मावली का ते तपास' अशी आज्ञा येते, कारण व्हिज्युअल बेसिक ही तपासणी आपणहून करते आणि सी-शार्प करत नाही. या फरकाचा परिणाम आपण पुढे प्रत्यक्ष पाहणार आहोत.

रनटाइम काय करतो?

आयएल कोणत्याच प्रोसेसरला कळत नाही. ती चालवण्यासाठी प्रत्येक संगणकावर एक प्रोग्राम असावा लागतो. त्याला कॉमन लँग्वेज रनटाइम किंवा नुसते रनटाइम म्हणतात. विंडोजचा रनटाइम वेगळा, लिनक्सचा वेगळा, एआरएमवरच्या लिनक्सचा आणखी वेगळा. म्हणजे प्लॅटफॉर्मप्रमाणे जे बदलायचे ते सगळे इथे, रनटाइममध्ये कोंडलेले आहे. ते काम डॉटनेट तयार करणाऱ्यांनी एकदा केले की तुम्हाला आणि मला करावे लागत नाही.

रनटाइम आयएलची एकेक ओळ वाचून तिचा अर्थ लावत बसत नाही. तसे केले तर प्रोग्राम फार हळू चालेल. एखादे फंक्शन पहिल्यांदा बोलावले गेले की त्याच क्षणी त्याचे रूपांतर त्या प्रोसेसरच्या खऱ्या आज्ञांत केले जाते. यालाच जस्ट-इन-टाइम कंपाइल करणे, म्हणजे जिट, म्हणतात. पुढच्या वेळी तयार आज्ञाच वापरल्या जातात. इथे एक पेच असतो. रूपांतर घाईने केले तर प्रोग्राम पटकन सुरू होतो, पण आज्ञा तितक्या चांगल्या नसतात. नीट विचार करून केले तर आज्ञा वेगवान, पण सुरुवातीला वाट पाहावी लागते. आताचे डॉटनेट दोन्ही करते. आधी झटपट रूपांतर, आणि एखादे फंक्शन वारंवार, साधारण तीस वेळा, बोलावले गेलेले दिसले की मागच्या मागे त्याचे चांगले रूपांतर. म्हणून वेग मोजताना पहिल्याच फेरीची वेळ घेऊन निष्कर्ष काढू नका.

रनटाइमचे दुसरे मोठे काम म्हणजे मेमरीची देखभाल. सी मध्ये मेमरी मागून घेणे आणि परत करणे दोन्ही तुमच्याकडे असते. इथे परत करण्याचे काम गार्बेज कलेक्टर करतो. ज्या वस्तूपर्यंत प्रोग्राममधून पोहोचण्याचा कोणताही रस्ता उरलेला नाही, ती तो झाडून टाकतो. बहुतेक वस्तू जन्मल्यावर लवकरच निरुपयोगी होतात, या अनुभवावर त्याची रचना बेतलेली आहे. त्यामुळे तो नव्या वस्तू वारंवार आणि जुन्या क्वचित तपासतो.

भाषा एकमेकींना कशा समजतात?

व्हिज्युअल बेसिक ६ आणि सी यांचा घोळ आठवा. डॉटनेटमध्ये डेटाचे प्रकार भाषेच्या मालकीचे नसतात, ते रनटाइमच्या मालकीचे असतात. या व्यवस्थेला कॉमन टाइप सिस्टिम म्हणतात. सी-शार्पमध्ये तुम्ही इंट लिहा, व्हिज्युअल बेसिकमध्ये इंटिजर लिहा, एफ-शार्पमध्ये पुन्हा इंट लिहा. तिन्ही ठिकाणी प्रकार एकच, ३२ बिटांचा, आणि रनटाइममध्ये त्याचे नाव इंट३२. स्ट्रिंगही एकच. त्यामुळे एका भाषेतल्या फंक्शनला दुसऱ्या भाषेतून किंमत देताना मध्ये काही रूपांतर होतच नाही. दुभाषा लागत नाही, कारण आतून दोघी एकच भाषा बोलतात.

तरीही काही मर्यादा आहेत. सी-शार्पमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जातो. एकाच क्लासमध्ये लहान टी ने सुरू होणारे टोटल आणि मोठ्या टी ने सुरू होणारे टोटल अशी दोन सार्वजनिक फंक्शने तुम्ही लिहू शकता. व्हिज्युअल बेसिक हा फरक मानत नाही, त्यामुळे तिथून यातले नेमके कोणते हवे ते सांगताच येत नाही. असे होऊ नये म्हणून सर्व भाषांनी पाळायच्या किमान नियमांचा एक संच आहे, त्याला कॉमन लँग्वेज स्पेसिफिकेशन म्हणतात. इतरांनी वापरायची लायब्ररी लिहिणार असाल, तर हा संच पाळा. स्वतःपुरता प्रोग्राम असेल तर त्याची काळजी नको.

बहुभाषिक म्हणजे एकाच फाइलमध्ये तीन भाषांची खिचडी, असा समज करून घेऊ नका. एका प्रोजेक्टला एकच भाषा. वेगवेगळ्या भाषांतले प्रोजेक्ट मात्र एकमेकांना जोडता येतात.

एकच नाव, दोन वस्तू

इथे जरा थांबून वाचा, कारण नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ याच घोळात जातो. डॉटनेट या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक पाठ्यपुस्तकांत व नोट्समध्ये अजून जुनीच शिकवलेली दिसते.

जुनी ती डॉटनेट फ्रेमवर्क. २००२ ची, आणि फक्त विंडोजवर चालणारी. तिची शेवटची मोठी आवृत्ती ४.८. ती २०१९ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये ४.८.१ ही छोटी सुधारणा झाली. ती विंडोजचा भाग म्हणून अजून सांभाळली जाते, पण तिच्यात नवीन काही येत नाही.

तत्त्वतः ती इतर ठिकाणी चालायला आडकाठी नव्हती. सी-शार्प भाषा आणि रनटाइमचा गाभा यांचे तपशील २००१ मध्येच एक्मा या मानक संस्थेने मानक म्हणून स्वीकारले होते. त्याच्या आधारे मिगेल दे इकाझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोनो नावाचा मुक्त रनटाइम लिनक्ससाठी लिहिला, त्याची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली. युनिटी या गेम इंजिनात सी-शार्प आले ते मोनोच्याच वाटेने. पण मोनो नेहमी मागून धावत असे. मायक्रोसॉफ्टने नवीन काही आणायचे आणि मोनोने ते गाठायचे, असा तो प्रकार होता.

चित्र बदलले २०१४ मध्ये. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने डॉटनेटचा गाभा खुला केला आणि तो लिनक्स व मॅकवर नेण्याचे जाहीर केले. २०१६ च्या जूनमध्ये डॉटनेट कोअर १.० आले. हे नव्याने बांधलेले, तिन्ही ठिकाणी चालणारे आणि एमआयटी परवान्याखाली मुक्त असलेले डॉटनेट. कोअरची मालिका ३.१ पर्यंत गेली. त्यानंतर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कोअर हा शब्द गाळून नुसते डॉटनेट ५ आले. चार हा आकडा मुद्दाम वगळला, कारण जुन्या फ्रेमवर्कच्या चारच्या आवृत्त्या सगळीकडे होत्या. तेव्हापासून दर नोव्हेंबरला एक नवी आवृत्ती येते. सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना तीन वर्षे आधार मिळतो. शिकायला आणि प्रोजेक्टला शक्यतो ताजी सम आवृत्ती घ्या.

मग तुमच्या हातातले पुस्तक कोणत्या डॉटनेटचे आहे, हे कसे ओळखायचे? वेब फॉर्म्सवर प्रकरणे असतील, किंवा चालवण्यासाठी विंडोजचा आयआयएस सर्व्हर लागतोच असे म्हटले असेल, तर ते जुन्याचे. वेब फॉर्म्स नव्या डॉटनेटमध्ये नाहीत. पुस्तक फेकून देऊ नका. क्लास, इंटरफेस, एक्सेप्शन, कलेक्शन यांवरची प्रकरणे आजही जवळजवळ तशीच लागू पडतात. पण इन्स्टॉल करण्याच्या आणि वेबच्या प्रकरणांवर वेळ घालवू नका. परीक्षेचा अभ्यासक्रम जुना असेल, तर दोन्ही नावे वेगळी ठेवूनच अभ्यास करा.

करून पाहू

मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत डॉटनेट संकेतस्थळावरून एसडीके घ्या. तिथे रनटाइम हा वेगळा पर्यायही दिसेल. तो फक्त तयार प्रोग्राम चालवतो. प्रोग्राम लिहायला एसडीके लागते, आणि तिच्यात रनटाइम असतोच. उबंटूसारख्या वितरणांत ती नेहमीच्या पॅकेज मॅनेजरमधूनही मिळते. व्हिज्युअल स्टुडिओ फक्त विंडोजवर आहे आणि जुन्या लॅपटॉपला तो जड जातो. सुरुवातीला एसडीके, टर्मिनल आणि कोणताही साधा एडिटर पुरे. एक गोष्ट सांगून ठेवतो. ही कमांड वापराची काही माहिती आपोआप मायक्रोसॉफ्टकडे पाठवते. ते नको असल्यास बंद करण्याची सोय आहे आणि पहिल्या वापरात टर्मिनलवर तशी सूचनाही दिसते. ती वाचा.

पुढच्या कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत. इथे उच्चार दिला आहे. मुख्य नावाचा एक फोल्डर करा, त्यात जा आणि 'डॉटनेट न्यू कन्सोल' ही कमांड द्या. सी-शार्पचा छोटा प्रोजेक्ट तयार होईल. 'डॉटनेट रन' दिल्यावर त्याने स्क्रीनवर नमस्काराची एक इंग्रजी ओळ छापली, म्हणजे सगळे नीट बसले आहे.

आता त्याच्या शेजारी गणित नावाचा दुसरा फोल्डर करा आणि त्यात 'डॉटनेट न्यू क्लासलिब' या कमांडपुढे 'हायफन लँग' आणि 'व्हीबी' जोडा. ही व्हिज्युअल बेसिकमधली लायब्ररी झाली. तयार मिळालेल्या क्लासमध्ये पब्लिक आणि शेअर्ड असे एक फंक्शन लिहा, जे दोन इंटिजर घेऊन त्यांची बेरीज परत देते. मग पुन्हा मुख्य फोल्डरमध्ये या, 'डॉटनेट ॲड रेफरन्स' या कमांडपुढे व्हिज्युअल बेसिकच्या प्रोजेक्ट फाइलचा पत्ता द्या, आणि सी-शार्पमधून ते फंक्शन बोलवा. ते जणू सी-शार्पमध्येच लिहिले आहे, असे चालेल.

खरी गंमत यानंतर आहे. सी-शार्पमध्येही बेरजेचे तसेच एक फंक्शन लिहा. दोन्हींना २,१४,७४,८३,६४७ आणि १ या किमती द्या. पहिली संख्या ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी आहे. सी-शार्पचे फंक्शन काहीही तक्रार न करता उणे २,१४,७४,८३,६४८ असे उत्तर देईल. व्हिज्युअल बेसिकचे फंक्शन ओव्हरफ्लोचे एक्सेप्शन देऊन प्रोग्राम थांबवेल. आयएलमधली ती बदललेली तिसरी आज्ञा इथे बोलते आहे. प्रकार एकच, रनटाइम एकच, पण भाषेचा स्वभाव तिच्या कंपाइलरने आयएलमध्ये कोरून ठेवलेला असतो आणि तो लायब्ररीबरोबर प्रवास करतो. पैशांचा किंवा गुणांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिताना मुकाट चुकीचे उत्तर हवे की आरडाओरडा करून थांबणारा प्रोग्राम, हे तुम्ही ठरवायचे. सी-शार्पमध्येही चेक्ड हा शब्द वापरून ही तपासणी चालू करता येते.

'डॉटनेट बिल्ड' दिल्यावर बिन नावाच्या फोल्डरात काय तयार झाले ते पाहा. उबंटूवरही तिथे डीएलएल एक्सटेन्शनची फाइल दिसेल. ती पाहून दचकू नका. आयएल ठेवण्यासाठी डॉटनेटने विंडोजची पीई मांडणीच सगळीकडे वापरली आहे. शेजारची ईएक्सई, किंवा लिनक्सवरची एक्सटेन्शन नसलेली फाइल, ही फक्त त्या प्लॅटफॉर्मपुरता दरवाजा असते. तो संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, डॉटनेटची तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या संगणकावर न्या, आणि 'डॉटनेट' या शब्दापुढे डीएलएलचे नाव देऊन चालवा. सुरुवातीच्या सी प्रोग्रामला जे जमले नाही ते इथे पुन्हा कंपाइल न करता जमते.

जे सगळीकडे जात नाही

आयएल सगळीकडे चालते, म्हणून प्रोग्रामही सगळीकडे चालेलच, असे नाही. विंडोज फॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ ही खिडक्या-बटणांची साधने नव्या डॉटनेटमध्ये आहेत, पण फक्त विंडोजवर. माउई हे नवे साधन अँड्रॉइड, आयओएस, मॅक आणि विंडोजवर चालते, लिनक्स डेस्कटॉपसाठी मात्र त्याला अधिकृत आधार नाही. कन्सोलचे प्रोग्राम आणि एएसपी डॉटनेट कोअरचे वेब प्रोग्राम तिन्हीकडे चालतात. लॅबमध्ये लिनक्स असेल, तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी वेबचा मार्ग धरा.

बारीक चुका याहून जास्त छळतात. फाइलचा पत्ता उलट्या तिरक्या रेघा घालून हाताने लिहिला की लिनक्सवर तो सापडत नाही; पाथ क्लासमधले कम्बाइन हे फंक्शन वापरा. विंडोजवर फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरे सहसा सारखी मानली जातात, लिनक्सवर तसे नाही. घरी चाललेला प्रोग्राम लॅबमध्ये फाइल सापडत नाही म्हणू लागला, तर आधी हे दोन पाहा.

तिसरी चूक आपल्या देशात हमखास भेटते. हजारांचे स्वल्पविराम घालून संख्या छापायला सांगितली, तर डॉटनेट त्या संगणकाच्या प्रदेशाची पद्धत वापरते. इंग्रजी-भारत अशी निवड असलेल्या संगणकावर १२,३४,५६७ असे दिसेल, अमेरिकेची निवड असलेल्यावर तीच संख्या दशलक्षांच्या पद्धतीने तीन-तीन अंकांचे गट पाडून येईल. तारखेचे तर विचारूच नका: ०३/०४ म्हणजे भारतात तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. माणसाला दाखवताना प्रदेशाची पद्धत ठीक आहे. फाइलमध्ये लिहिताना किंवा फाइलमधून वाचताना मात्र इन्व्हेरियंट कल्चर स्पष्टपणे सांगा. लिनक्सवर ही सगळी माहिती आयसीयू नावाच्या लायब्ररीतून येते. ती नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. तसा संदेश दिसला तर ते पॅकेज बसवा.

भारतीय लिपींबद्दलही एक सूचना. डॉटनेटची स्ट्रिंग यूटीएफ-१६ पद्धतीने साठवली जाते, त्यामुळे देवनागरी, तमिळ, बंगाली काहीही त्यात मावते. सी-शार्पमध्ये व्हेरिएबलला एकूण किंवा गुण असे देवनागरी नावही देता येते. पण लांबी विचारली तर फसाल. नमस्ते या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, लेंग्थ मात्र ६ सांगते. कारण हलन्ताचे चिन्ह आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. नाव पहिल्या दहा अक्षरांवर कापणारा प्रोग्राम एखाद्याचे जोडाक्षर मधूनच तोडू शकतो. अशा ठिकाणी स्ट्रिंगइन्फो हा क्लास वापरा. विंडोजच्या कन्सोलवर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे दिसली, तर प्रोग्रामच्या सुरुवातीला आउटपुट एन्कोडिंग यूटीएफ-८ करून पाहा.

ज्याच्याकडे डॉटनेट नाही अशा मित्राला प्रोग्राम द्यायचा असेल, तर 'डॉटनेट पब्लिश' वापरा. त्यात रनटाइमही सोबत बांधून देता येतो. मग समोर काहीच बसवावे लागत नाही, पण छोट्याशा प्रोग्रामचेही वजन साठ-सत्तर एमबीच्या घरात जाते, आणि कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी हवा ते आधीच सांगावे लागते. डॉटनेट ७ पासून नेटिव्ह एओटी हा आणखी एक पर्याय आहे. त्यात आयएल आणि जिट दोन्ही वगळून थेट प्रोसेसरच्या आज्ञांची छोटी फाइल मिळते. ती लगेच सुरू होते, पण सी सारखीच ती एकाच प्लॅटफॉर्मची असते.

स्वाध्याय

१. वरच्या प्रयोगात एफ-शार्पची तिसरी लायब्ररी जोडा आणि त्याच दोन किमती देऊन पाहा. ती सी-शार्पसारखी वागते की व्हिज्युअल बेसिकसारखी?

२. तुमचे पूर्ण नाव तुमच्या मातृभाषेच्या लिपीत लिहून त्याची लेंग्थ छापा. दिसणारी अक्षरे आणि आलेला आकडा यांतला फरक चिन्हाचिन्हाने मोजून दाखवा.

३. १२३४५६७ ही संख्या इंग्रजी-भारत, इंग्रजी-अमेरिका आणि जर्मन-जर्मनी अशा तीन कल्चरमध्ये छापा. जर्मन पद्धतीने छापलेली संख्या भारतीय पद्धतीने वाचायला सांगितली तर काय होते?

४. तुमच्या ग्रंथालयातले डॉटनेटचे एखादे पुस्तक घ्या. ते कोणत्या डॉटनेटचे आहे ते ओळखा, आणि त्यातली कोणती प्रकरणे आज तशीच वापरता येतील त्यांची यादी करा.